विजयदुर्ग, संध्याकाळपर्यंत परत

गोपाळकृष्ण बेहेरे विजयदुर्गच्या बंदरात बुडून मेला. वय वर्षे चोवीस. प्रेत सापडलं नाही, म्हणून शास्त्राप्रमाणे पळसाच्या तीनशेसाठ पानांचा माणूस करून तो जाळण्यात आला, आणि दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला. सगळं यथासांग झालं. रत्नागिरीच्या खालच्या आळीत इतकं नेटकं कार्य बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं, असं पुढे जाणकारांनी सांगितलं.

पण ते राहू दे. असं काही झालंच नाही असं आपण धरून चालू. खुद्द गोपाळकृष्णाचंही तेच म्हणणं होतं, आणि या प्रकरणात त्याचं म्हणणं कुणीतरी एकदा धरून चालायला हरकत नाही. त्याला फार काही करायचं नव्हतं. दहाव्या दिवशी सकाळी न्हावी मागील दारी येऊन बसायच्या आत घरी पोचायचं, एवढंच. न्हावी यायचा होता तो त्याच्या बायकोसाठी. नवरा गेला की दहाव्या दिवशी बायकोचे केस जात, अशी त्यांच्यातली रीत. विमला एकोणीस वर्षांची होती.

आता सहलीकडे वळू. सन एकोणीसशे सव्वीसची दिवाळी नुकतीच आटपली होती. गोपाळकृष्ण एका कचेरीत हंगामी कारकून होता. कचेरीचं नाव घेण्याचं कारण नाही, कचेरीने त्याचं नाव कधी नीट घेतलं नाही. अक्षर मोत्यासारखं, कागदाला समास सोडण्यात हातखंडा, आणि कुठेही जायचं तर पोचायला उशीर. लग्नात मुहूर्ताची घटका बुडायची वेळ आली तेव्हा हा नवरदेव विहिरीवर पाय धूत होता. त्याचा मित्र लवू शिवलकर बाजारपेठेत घड्याळं दुरुस्त करी. या दोघांची मैत्री कशी टिकली हे कोडं आहे, पण मराठी शाळेत एका बाकावर बसलेल्या माणसांना पुढे एकमेकांना सोडणं जमत नाही. लवूचा पणजोबा म्हणे विजयदुर्गच्या आरमारात होता. तो किल्ला एकदा बघायचा, अर्धा तास नुसतं उभं राहायचं, आणि परत यायचं, एवढाच लवूचा बेत. सकाळच्या आगबोटीने जाणे, संध्याकाळच्या आगबोटीने येणे. एवढ्याशा बेतात काय बिघडणार, असं कुणालाही वाटलं असतं.

आळीला मात्र तसं वाटलं नाही. बोट लागू नये म्हणून एकाने तोंडात आमसूल धरायला सांगितलं, दुसऱ्याने बेंबीवर चुना लावायला सांगितला, आणि जन्मात बोटीत पाय न ठेवलेल्या एका पेन्शनर गृहस्थांनी समुद्राकडे पाठ करून बसायला सांगितलं. बोटीत हे कसं साधायचं ते सांगायला ते विसरले. गोपाळचे वडील आप्पा म्हणाले, "विजयदुर्गात बघण्यासारखं काही नाही. मी पाहिलेलं नाही, पण नाही." मथुराआत्या, म्हणजे आप्पांची बालविधवा बहीण, काही बोललीच नाही. तिच्या मते माणसं घराबाहेर पडतात तेव्हाच अर्धी संपलेली असतात. विमलाने उरलेल्या चकल्या फडक्यात बांधून दिल्या आणि संध्याकाळपर्यंत याल ना, असं विचारलं. तो येतो म्हणाला. तिने मान डोलावली, पण तिचा विश्वास बसला असं दिसलं नाही.

जाताना काही झालं नाही. आमसुलाने लवूला ओकारी झाली, तेवढंच. किल्ला मोठा होता. लवूने ठरल्याप्रमाणे अर्धा तास उभं राहून बघितला. पणजोबा नेमका कुठे उभा असेल याचा त्याला अंदाज लागेना, म्हणून तो तीन बुरुजांवर दहा-दहा मिनिटं उभा राहिला. गोपाळने सावलीला बसून चकल्या खाल्ल्या. असा दिवस सुरेख चालला असताना, चारच्या सुमारास तटावरून खाली वाकून बघताना, वाऱ्याने गोपाळची काळी टोपी उडवली आणि समुद्रात नेऊन टाकली.

आता एखाद्याला वाटेल, टोपी गेली तर गेली. पण उघड्या डोक्याने चारचौघांत हिंडणारा माणूस एकतर वेडा असायचा, नाहीतर त्याच्या घरात नुकतंच कुणी गेलेलं असायचं. आपल्याला बघून लोक हळहळतील ही कल्पना गोपाळला सहन होईना. तो धक्क्यापाशी, भिंतीच्या आडोशाला, लपल्यासारखा उभा राहिला आणि त्याने लवूला गावात टोपी आणायला पिटाळलं. लवूने डोक्याचं माप विचारलं. गोपाळ म्हणाला, तुझ्यापेक्षा थोडं मोठं घे. त्या दोघांचं पुढच्या दहा दिवसांतलं हे शेवटचं बोलणं.

लवू गेला आणि इकडे उतारूंना आगबोटीपर्यंत नेणारा पडाव भरू लागला. बाहेर दोन आगबोटी उभ्या होत्या. गोपाळने पडाववाल्याला विचारलं, मुंबईचीच ना? तो म्हणाला, हो, मुंबईचीच. दोन्ही मुंबईच्याच होत्या. एक वाटेत रत्नागिरीला थांबणार होती आणि दुसरी कुठेच थांबणार नव्हती, हे पडाववाल्याने सांगितलं नाही, कारण त्याला कुणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात आधीच्या पडावात छत्री घेतलेला एक माणूस गोपाळला पाठमोरा दिसला. लवूकडे छत्री होती. लवू पुढे गेला, आपल्याला उशीर झाला, नेहमीप्रमाणे, असं समजून तो घाईने पडावात चढला. कोकणात छत्री सगळ्यांकडेच असते ही गोष्ट त्याच्या लक्षात आली तेव्हा आगबोटीने भोंगा दिला होता, आणि छत्रीवाला माणूस तोंड फिरवून त्याला तंबाखू आहे का म्हणून विचारत होता.

रत्नागिरीचा दीपस्तंभ उजव्या हाताला आला, थोडा वेळ बरोबर चालल्यासारखा वाटला, आणि मागे राहिला.

लवू टोपी घेऊन आला तो धक्का मोकळा. कोळ्यांनी खडकापाशी एक काळी टोपी काठीने ओढून काढली होती. आत शाईने लिहिलं होतं, गो. आ. बेहेरे, कारकून (हंगामी). लवू अंधार पडेपर्यंत पाण्याकडे तोंड करून हाका मारत राहिला. मग चौकीवर गेला. तिथल्या माणसाने समजुतीने सांगितलं, बुडताना कुणी पाहिलं असेल तर मयत लिहितो, नाहीतर बेपत्ता लिहावं लागेल. बेपत्ता म्हटलं की शास्त्राप्रमाणे बारा वर्षं वाट बघणं आलं. बारा वर्षं त्या बाईला कुंकू लावू की नको हेही कुणी सांगणार नाही. लवूच्या डोळ्यांपुढे विमला आली. एकोणीस आणि बारा एकतीस. त्याला तिची दया आली, आणि त्याने जबाब दिला की मी समक्ष बुडताना पाहिलं. आयुष्यात घड्याळाच्या बाबतीतसुद्धा खोटं न बोललेला माणूस एकदाच खोटं बोलला, आणि तेही मायेपोटी. दुसऱ्या दिवशी तो रत्नागिरीला उतरला तेव्हा त्याच्या हातात दोन टोप्या होत्या आणि डोकं एकही नव्हतं.

विमलाचं म्हणणं होतं की थोडं थांबावं. तेवढ्यात, त्याच सोमवारी संध्याकाळी, दारात तारवाला उभा राहिला.

तार गोपाळनेच केली होती. मुंबईला सकाळी उतरल्याबरोबर त्याने पहिलं काम ते केलं. सुखरूप आहे, बोटीने येतो, गोपाळ, एवढाच मजकूर, इंग्रजीत. पण तार आली म्हणजे कोण गेलं एवढंच विचारायचं असतं, हे आळीतल्या मांजरांनाही माहीत होतं. तारवाल्याची सायकल बघूनच तीन घरांतून रडण्याचा आवाज उठला. आप्पांनी सही केली, उंबऱ्याबाहेर उभं राहून तो कागद न उघडताच चार तुकडे केला आणि खताच्या ढिगावर टाकला. मरणाची बातमी घरात ठेवत नाहीत. सगळ्या गोष्टी त्यांनी रीतीप्रमाणे केल्या. वाचण्याची रीत नव्हती.

विमलाने ते तुकडे गोळा केले. तिला इंग्रजी येत नव्हतं. भटजींना येत नव्हतं. लवूला घड्याळांवरची नावं वाचून वाचून थोडी अक्षरं लागत. त्याने एका तुकड्यावर बोट ठेवून सांगितलं, "हे गोपाळ आहे."

"म्हणजे नाव आलंच," मथुराआत्या म्हणाली.

बुधवारी पळसाची पानं मोजली गेली. गोपाळची जुनी टोपी त्या पानांच्या माणसाच्या डोक्यावर ठेवली होती असं म्हणतात.

इकडे मुंबईला वादळाचा बावटा लागला आणि बोटी बंद झाल्या. गोपाळ गिरगावात मावसभावाकडे राहिला. तार पोचली असणार म्हणून त्याला काळजी नव्हती. त्याने दोन नाटकं पाहिली, विमलासाठी एक शिंगाची फणी घेतली, मावसभावाच्या बायकोने केलेला अनारशांचा शेवटचा घाणा संपवला. मेल्यानंतरचे आठ दिवस त्याचे बरे गेले.

मंगळवारी सकाळी त्याची बोट रत्नागिरीबाहेर उभी राहिली. पडाव भागोजी खारव्याचा होता. गोपाळने शिडीवरून पाय खाली टाकला, भागोजीने हात दिला, तोंड बघितलं आणि हात सोडला.

"भटानू, तुमी मेलाव ना ओ?"

गोपाळ हसला. भागोजी हसला नाही. त्याने वल्हं मारता मारता सगळं सांगितलं, खबरदारीने थोडं लांब बसून. आज तुमचा दहावा. आप्पा नि भटजी भाट्याच्या खाडीकाठी गेले. आणि न्हावी मघाशी धोपटी घेऊन तुमच्या आळीला वर चढताना मी बघितला.

मांडवीच्या धक्क्याला पडाव लागला तेव्हा सव्वानऊ झाले होते. घर पाव तासाच्या वाटेवर. जन्मात पहिल्यांदा गोपाळला वेळ कळली. त्याने उडी मारली ती थेट बंदरावरच्या हवालदाराच्या पुढ्यात.

हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त नाव विचारलं, आणि नाव ऐकून टेबलावरचा एक कागद चाळला. हा इसम मयत आहे, असं तो म्हणाला. गोपाळने सांगितलं, मीच तो. हवालदार म्हणाला, तसं म्हणणारे पुष्कळ येतील. प्रत्यक्ष बुडताना पाहिल्याचा जबाब आहे. तुम्हाला जाऊ दिलं आणि उद्या खरा इसम वर आला तर मी काय सांगू? ओळखणारे दोन पंच आणा आणि जबाब लिहून द्या. आता गोपाळला ओळखणारे सगळे लोक त्याच्याच दहाव्याला गेले होते. त्याने ते सांगितलं. हवालदाराला ते पटलं. त्याने खेद व्यक्त केला.

शेवटी भागोजी पुढे झाला. "मी वळखतो ना," तो म्हणाला, "मेला तो ह्योच." दुसरा पंच म्हणून तिकिटं फाडणाऱ्याने अंगठा द्यायचं कबूल केलं. राहिला जबाब. हवालदार टाक शाईत बुडवून एकेक अक्षर कोरू लागला, तेव्हा दहावी ओळ येईपर्यंत दहाव्याचा तेरावा होईल असं वाटून गोपाळने टाक काढून घेतला आणि स्वतः लिहायला बसला. इथपर्यंत त्याचं काही चुकलं नाही.

पण हाताला सवय असते. त्याने कागद दुमडून समास पाडला. वर मध्यभागी शीर्षक लिहिलं, खाली दुहेरी रेघ ओढली. 'येणेप्रमाणे'च्या आधी बुडल्याची, न बुडल्याची आणि मुंबईस गेल्याची कलमं वेगवेगळी पाडली. आणि मग त्याने दुसरी प्रत काढली. दुसरी प्रत कुणी मागितली नव्हती. पण एका प्रतीचा कागद वरून परत येतो, हे चार वर्षांच्या नोकरीने त्याला शिकवलं होतं, आणि अर्ध्या वाटेतून पुन्हा बोलावून घेतील या भीतीने त्याने तीही मोत्यासारख्या अक्षरात लिहिली. भागोजी दाराशी उभा राहून दोनदा म्हणाला, "भटानू, उठा." सह्या झाल्या तेव्हा बंदराच्या कचेरीतल्या घड्याळात दहाचे टोले पडत होते. ते घड्याळ लवूने दुरुस्त केलेलं होतं आणि बरोबर होतं.

गोपाळ धावला. चढावरच्या पाणवठ्यावर दोन बायका त्याला बघून कळशा टाकून पळाल्या. तो पोफळीतून मागील दारी आला. न्हावी गेला होता. न्हाणीच्या चुलीत लाकूड धुमसत होतं, आणि पायरीवर लाल आलवण नेसलेली एक म्हातारी, पदर कपाळापर्यंत ओढून, राखेवर काटकीने रेघा मारीत बसली होती. परगावची कुणी नातेवाईक आली असेल. धाप लागलेली असतानाही त्याने आवाज मऊ केला.

"आजी, विमला कुठं आहे?"

म्हातारीने मान वर केली.

तिने हातातली काटकी राखेत टाकली. मग म्हणाली, "मी सांगत होते सगळ्यांना. म्हटलं, हे कधी कुठं वेळेवर पोचले नाहीत, तिथंच एवढ्या लवकर कसे पोचतील? कुणी ऐकलं नाही." आणि चुलीकडे बोट करून, "पाणी आहे गरम. अंघोळ करून घ्या."

आवाज ऐकून मथुराआत्या बाहेर आली. ती किंचाळली नाही. तिने चौकटीवर हात आडवा धरला आणि त्याला आत येऊ नको म्हणून सांगितलं. घरात सुतक आहे, आणि ते तुझंच आहे. मग खाडीकडून ओल्या धोतराने आप्पा आले, मागोमाग भटजी, मागोमाग आळी, आणि आळीच्या मागे जरा अंतर राखून लवू. आप्पांनी मुलाला पाहिलं. दहा दिवसांत मुलगा एकदा जळलेला असला की बापाला एकदम दुसरं काही सुचत नाही.

"कावळा शिवला रे तुझा," ते म्हणाले. "ठेवल्याबरोबर."

गोपाळला एवढ्यातही ते लागलं. म्हणजे मागे आपली इच्छा अशी काही राहिलीच नव्हती. भुरट्या पाखराला दोन मिनिटं थांबावंसं वाटलं नाही.

लवू खाली मान घालून उभा होता. त्याने चौकीवर काय सांगितलं आणि का, ते त्याने तिथेच सगळ्यांपुढे सांगितलं, आणि विमलाकडे न बघता म्हणाला, "वैनी, मला वाटलं बारा वर्षं फार होतील." मग तो रडला. आळीतल्या बायकांनी त्याला रडू दिलं. दहा दिवसांच्या सरावाने त्याही दमल्या होत्या.

भटजींनी पंचांग बाजूला ठेवून शास्त्र सांगितलं. असा परत आलेला माणूस नव्याने जन्मावा लागतो. त्याला तुपाच्या भांड्यात बसवायचं, बाहेर काढून बारसं करायचं, मग मुंज, मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न. इथपर्यंत ठीक होतं; आप्पा तुपाचं भांडं किती मोठं लागेल याचा विचारसुद्धा करू लागले. पण भटजींना पुढे अडचण दिसली. हा नव्याने जन्मला खरा, पण ती तर आजपासून विधवा. म्हणजे हा विधवाविवाह होणार. तो केला तर आळी पाण्याला शिवू देणार नाही. स्वतःच्याच बायकोशी पुनर्विवाह करून वाळीत पडलेला पहिला माणूस व्हायची वेळ गोपाळवर आली.

आळीने सल्ले दिले. एकाने सांगितलं, मुंबईला जाऊन पुन्हा ये, आणि गोपाळचा चुलतभाऊ म्हणून राहा. पेन्शनर गृहस्थांनी विचारलं, एवढं चांगलं झालेलं कार्य मोडायलाच हवं का? वर्षभरात केस वाढतील, त्यात काय एवढं, असं तिसरा म्हणाला, तेव्हा मथुराआत्याने त्याला थांबवलं. केस वाढत नसतात. दर पंधरा दिवसांनी न्हावी येत असतो.

गोपाळ म्हणाला, "या घरात न्हावी पुन्हा येणार नाही."

"हे सांगणारा तू कोण?" आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "नवरा असशील तर आधी जिवंत हो, मग सांग. मी अकराव्या वर्षी बसले न्हाव्यापुढं. मला थांब म्हणायला कुणी पडावातून आलं नाही, उशिरासुद्धा."

मग गोपाळ जिवंत व्हायला निघाला. कचेरीत त्याच्या जागी दुसरा हंगामी बसला होता, त्याने आदराने खुर्ची पुढे केली. मृत्यूची नोंद खोडण्याचा अधिकार कुणालाही नव्हता. मयताचा बाप लिहून देईल तर विचार करू, असं वरच्या साहेबांनी सांगितलं. आप्पांनी लिहून दिलं. तेव्हा साहेब म्हणाले, मेला म्हणून नोंदीवर सही याचीच, जगला म्हणूनही याचीच, अशा माणसाच्या सहीला किंमत काय? लवूचा जबाब फिरवला तर लवूवर खोट्या साक्षीचा खटला. वर्दीत ज्याचं नाव मयत, त्याने स्वतः अर्ज केला तर तो अर्ज कुणाचा म्हणून घ्यायचा, हाही प्रश्नच होता. असे बारा दिवस गेले. गोपाळ लवूच्या दुकानात, लटकत्या घड्याळांखाली झोपे. विमला त्याला मागील दारी उभं राहून जेवण देई. दोघं बोलत नसत. तेराव्या दिवशी तिने विचारलं, "परवा पंधरा होतात ना?" आणि भांडी उचलून आत गेली.

त्या दुपारी गोपाळने लवूच्या बाकावर बसून खालील अर्ज लिहिला. समास सोडला नाही. प्रत एकच काढली.

"मेहेरबान साहेबांचे हुजुरास. अर्जदार गोपाळकृष्ण आप्पाजी बेहेरे, राहणार खालची आळी, रत्नागिरी, धंदा मयत, विनंतीपूर्वक लिहून देतो ऐसा जे : अर्जदार जिवंत असल्याचा दाखला मिळत नसल्यास त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. मात्र मंगळवार तारीख २३ नोव्हेंबर सन १९२६ रोजी सकाळी सव्वानऊपासून दहापर्यंतचा पाऊण तास अर्जदाराकडून बंदरावर खर्च झाला आहे. पैकी वीस मिनिटे जबाबाच्या दुसऱ्या प्रतीस लागली. ती प्रत कोणी मागितली नव्हती व पुढे कोणी वाचलेली नाही. सबब साहेबांनी मेहेरबानी करून सदरहू पाऊण तास, तो पुरा न जमल्यास निदान वर नमूद केलेली वीस मिनिटे, सरकारी दप्तरातून काढून अर्जदाराचे कुटुंब विमलाबाई यांस परत करण्याचा हुकूम परवाच्या आत व्हावा. कळावे, हे विनंती."